शंका विचारण्याची पात्रता
(आपल्या मंचाच्या मासिक बैठकीत केलेल्या भाषणाचा लेखी मसुदा)



या बैठकीत आजवर जात, शेती, शिक्षण, स्त्रीप्रश्न अशा विषयांवर बोलणं झालं आहे. त्या रांगेत माझा विषय किरकोळ वाटेल. कॉम्प्युटरच्या कामात अडलेला माणूस इंटरनेटवरच्या अनोळखी जाणकारांकडे मदत कशी मागतो आणि ते त्याला कसं वागवतात, एवढाच तो आहे. पण इथे बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांचं पोट याच धंद्यावर चालतं, आणि त्या धंद्यात शिरू पाहणारी आपल्याकडची मुलं याच दारात येऊन उभी राहतात. तिथे त्यांना काय ऐकून घ्यावं लागतं, हा माझ्या मते आपला विषय आहे.

एका शब्दापासून सुरुवात करते. शंका. धडा संपला की बाई विचारायच्या, "कुणाला काही शंका?" आपल्याकडे शंका म्हणजे अविश्वास नव्हे. उलट, मूल लक्ष देऊन ऐकत होतं याची ती खूण. हाच शब्द इंग्रजीत नेताना आपण म्हणतो, 'आय हॅव अ डाउट'. अमेरिकन माणसाला मात्र ऐकू येतं की याला माझं म्हणणं पटलेलं नाही! लातूरच्या किंवा धुळ्याच्या कॉलेजातला मुलगा 'रिस्पेक्टेड सर'ने सुरुवात करतो, मध्ये 'अर्जंट' लिहितो आणि 'काइंडली डू द नीडफुल'ने संपवतो. त्याच्या हिशेबाने त्याने अदबीत काहीही कमी ठेवलेलं नाही. वाचणाऱ्याच्या हिशेबाने त्याने सौजन्याची एकही गोष्ट केलेली नाही. एररची ओळ दिली नाही, कोणती आवृत्ती ते सांगितलं नाही, स्वतः काय करून पाहिलं ते लिहिलं नाही. आणि 'अर्जंट' तर टोचतंच. फुकट मदत करणाऱ्याला घाई कसली लावता? (उत्तर देणारी बाई असली तरी ती 'सर'च असते, हे जाता जाता. माझेही आभार 'थँक यू सर' असेच मानले गेले आहेत.)

म्हणजे सौजन्य दोन प्रकारचं आहे, एक शब्दांचं आणि एक कष्टांचं. आपल्या शाळा-कॉलेजांत पहिलं शिकवतात, दुसऱ्याचा पत्ताच नसतो. तिकडे दुसऱ्याला इतकं मानतात की पहिल्याची अडगळ वाटू लागते. २००८ साली सुरू झालेल्या स्टॅक ओव्हरफ्लोवर प्रश्नातलं 'हॅलो' आणि 'आगाऊ आभार' छाटून टाकायची रीतच आहे. हेतू वाईट नाही. प्रश्न उद्या हजारो लोक वाचणार, त्यांना नमस्कार-चमत्काराशी काय घेणं, असा तो विचार. पण ज्याचा नमस्कारच छाटला गेला त्याला हे कुणी सांगत नाही.

कष्टांचं सौजन्य मी मनापासून मानते, गैरसमज नको. डॉक्टरकडे जाऊन नुसतं 'बरं वाटत नाही' म्हटलं तर तो तरी काय करणार? 'प्रोग्राम चालत नाही' हे तसंच आहे. उत्तर देणारा माणूस आपली संध्याकाळ खर्चून बसलेला असतो आणि तोच प्रश्न त्याने आधी पन्नास वेळा वाचलेला असतो. त्याचा वैताग खोटा नाही. हा वैताग जुनाही आहे. यूजनेटच्या काळात दर सप्टेंबरात कॉलेजांत नवी मुलं येत, महिनाभर गोंधळ घालत आणि मग रीतीभाती शिकत. १९९३नंतर घरोघरचे लोक येऊ लागले, लोंढा थांबेचना, आणि जुन्यांनी त्याला 'कधीच न संपणारा सप्टेंबर' असं नाव ठेवलं. थट्टेतलं नाव, पण त्यात 'आमच्या घरात हे कोण आले?' हा सूर आहेच.

त्यावर शहाणपणाचे नियमही झाले. ऑक्टोबर १९९५मध्ये आर.एफ.सी. १८५५ या नावाने इंटरनेटवरच्या शिष्टाचारांचा मसुदा निघाला. रागाच्या भरात लिहिलेलं उत्तर पाठवण्यापूर्वी एक रात्र थांबा, असं त्यात आहे. तुमचं पत्र पोचेल तेव्हा पलीकडचा माणूस झोपलेला असेल, त्याला उठून कामावर येऊ द्या, असंही आहे. रात्री-बेरात्री भारतात फोन लावणाऱ्या आपल्यासारख्यांना हे वेगळं सांगायला नको.

२००१ साली एरिक रेमंड यांनी 'प्रश्न शहाणपणाने कसे विचारावेत' अशा अर्थाचा लेख लिहिला. तो पुष्कळ गाजला आणि नवख्यांच्या अंगावर फेकायचं हत्यार झाला. आधी शोध घ्या, लक्षणं सांगा, आपले तर्क नकोत, प्रश्न सुटला की कसा सुटला ते कळवा. सल्ला सगळा रास्त आहे. पण त्याच लेखाच्या शेवटाकडे उत्तर देणाऱ्यांसाठीही एक भाग आहे. त्यात म्हटलं आहे की सौम्यपणे बोला, अडचणीत सापडलेला माणूस तसा नसतानाही उद्धट किंवा मठ्ठ वाटू शकतो. आणि पहिल्यांदाच चुकणाऱ्याला चारचौघांत नव्हे, खासगीत सांगा. लेखाचा दुवा फेकणाऱ्यांपैकी किती जण तिथवर पोचले असतील? त्यांच्या तोंडी एकच मंत्र, 'आर.टी.एफ.एम.'. म्हणजे 'मॅन्युअल वाच', मध्ये एक शिवी घालून.

यंत्रणाही कशी घडवली जाते पाहा. स्टॅक ओव्हरफ्लोवर दुसऱ्याच्या उत्तराला उणे मत दिलं तर देणाऱ्याचा स्वतःचा एक गुण जातो. प्रश्नाला उणे मत दिलं तर त्याचं काहीच जात नाही. जाणत्याला दुखावण्याची किंमत आहे, नवख्याला दुखावणं फुकट. शिवाय बरीच वर्षं नियम असा होता की पन्नास गुण जमल्याशिवाय दुसऱ्याच्या प्रश्नोत्तराखाली साधा खुलासा विचारता येत नसे. म्हणजे आधी पात्रता सिद्ध करा, मग बोला. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली तेव्हा त्यांना याहून फार भयंकर भिंतीशी झुंजावं लागलं होतं. ती तुलना मी ताणणार नाही. पण ज्ञानाच्या दारात उभं राहून आधी लायकी तपासायची, ही खोड आपल्या चांगल्या ओळखीची आहे. आणि भाषेची पायरी राहतेच. या स्थळाच्या पुढे पोर्तुगीज, रशियन, जपानी, स्पॅनिश आवृत्त्या निघाल्या. मराठी किंवा हिंदी निघाली नाही.

'मऊ बोललं तर दर्जा घसरतो' असा एक आक्षेप नेहमी येतो. त्याचं ठळक उदाहरण म्हणजे लिनक्स कर्नेल. लिनस टोरवाल्ड्स यांची इतरांना झोडपणारी पत्रं प्रसिद्धच होती. सप्टेंबर २०१८मध्ये त्यांनीच जाहीर माफी मागितली, काही आठवडे काम बाजूला ठेवलं, आणि त्याच सुमारास कर्नेलने आचारसंहिता स्वीकारली. कर्नेल काही कोसळलं नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये स्टॅक ओव्हरफ्लोच्या चालकांनीही मान्य केलं की आपल्याकडे नवख्यांना, स्त्रियांना आणि गोरे नसलेल्यांना परकं वाटतं. 'हा कोड टाकाऊ आहे' म्हणणं मला चालतं, कारणासकट म्हणा. 'तू टाकाऊ आहेस' याने कोड सुधारत नाही.

नोव्हेंबर २०२२मध्ये चॅटजीपीटी आलं आणि आधीच उतरणीला लागलेला प्रश्नांचा ओघ झपाट्याने आटला. धुळ्याचा तो मुलगा आता यंत्राला विचारतो. तेच दहाव्यांदा विचारलं तरी ते खेकसत नाही. त्याला मी नावं ठेवणार नाही; आपण दार लावून घेतलं, तो दुसरीकडे गेला. पण त्याचा प्रश्न आणि त्याला मिळालेलं उत्तर आता चार भिंतींत राहतं, पुढच्या अडलेल्याला सापडत नाही. आणि ते यंत्र शिकलं ते अशाच हजारो माणसांनी फुकट लिहून ठेवलेल्या उत्तरांवर. शिवाय पुष्कळदा मुलाचा प्रश्नच चुकीचा असतो. त्याने भलतीच वाट धरलेली असते आणि तिच्यावरचा खड्डा कसा बुजवू, एवढंच तो विचारत असतो. अशा वेळी "अरे, मुळात तुला करायचं काय आहे?" असं विचारणारा माणूस लागतो. तांत्रिक मदतीतली माया मी याला म्हणते. गोड शब्द नसले तरी चालतील.

आपल्याला इथे बसून एक काम करता येईल. स्टॅक ओव्हरफ्लोवर दुसऱ्याच्या प्रश्नात सुधारणा सुचवण्याची सोय कुणालाही आहे. 'डाउट' म्हणजे शंका, हे तिथल्या अमेरिकन जाणकाराला कळणार नाही, आपल्याला एका नजरेत कळतं. तेव्हा असा प्रश्न दिसला तर उणे मत देण्याआधी त्याचं इंग्रजी सरळ करा, कोड नीट मांडा, आणि खाली एक ओळ लिहा: 'एररची पूर्ण ओळ आणि आवृत्तीचा क्रमांक टाक, मग सांगता येईल.' त्याला पाच मिनिटं लागतात.