बाई हवी, पण आपली मुलगी नको?

(५ मे या आंतरराष्ट्रीय प्रसविका दिनानिमित्त बारावीच्या मुली आणि त्यांचे पालक यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



समोर मुली बसल्या आहेत, त्यांच्या अम्मी बसल्या आहेत, आणि मागच्या दोन रांगांत अब्बा आणि भाऊही आहेत. मागच्या रांगेतल्यांचे मी विशेष आभार मानते, कारण आज मला जे बोलायचे आहे त्यातले निम्मे त्यांच्यासाठीच आहे.

मी गेली पंचवीसहून जास्त वर्षे बाळंतपणाच्या कामात आहे. आधी हाताने केले, आता शिकवते. या सगळ्या वर्षांत आपल्या मोहल्ल्यातून येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने लेबर रूमच्या दारात मला एकच प्रश्न विचारला आहे: "सिस्टर, आत बाईच आहे ना? पुरुष डॉक्टर नाही ना?" मी सांगते, बाईच आहे. मग त्यांचा जीव भांड्यात पडतो. त्याच कुटुंबाला मी नंतर म्हणते, तुमची धाकटी बारावीला आहे, तिला नर्सिंगला घाला. तेव्हा उत्तर येते, "नको सिस्टर, रात्रपाळी असते. लोक काय म्हणतील?"

म्हणजे आपल्या सुनेजवळ बाई हवी. ती रात्री दोन वाजताही हजर हवी. पण ती दुसऱ्या कोणाची तरी मुलगी असावी. हा हिशेब मला कधी पटला नाही.

ज्या घरांतून मुली येतात, तिथेही दुसरी एक चूक होते. सर्वांत छोटा आणि स्वस्त कोर्स शोधला जातो. "दोन वर्षांत हातात काहीतरी येईल, मग निकाह लावू." त्या छोट्या कोर्सने पुढची तीस वर्षे किती पगार मिळणार आणि कुठपर्यंत जाता येणार हे ठरते, याचा विचार कोणी करत नाही. म्हणून आज मी सेवा, त्याग, पुण्य यांवर बोलणार नाही. शिक्षण, पगार आणि बढती या तीनच गोष्टींवर बोलणार आहे.

आधी शिक्षण. बारावीनंतर सरळ फक्त मिडवाइफ होण्याचा रस्ता आपल्याकडे सर्वसाधारणपणे नाही. नर्सिंग आणि मिडवायफरी एकत्र शिकवतात. दारे तीन आहेत. पहिले एएनएम, दोन वर्षांचे, बारावीच्या कोणत्याही शाखेनंतर. दुसरे जीएनएम, तीन वर्षांचे. तिसरे बी.एस्सी. नर्सिंग, चार वर्षांचे, त्याला बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागते. प्रवेशाचे नियम आणि प्रवेश परीक्षा बदलत असतात, त्यामुळे त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचा. एजंटाच्या तोंडी माहितीवर जाऊ नका.

आता बेरीज करा. एएनएम करून नंतर जीएनएम करायचे ठरवले, तर पहिल्या वर्षापासून सुरुवात करावी लागते. त्यानंतर पदवी हवी तर पोस्ट बेसिक बी.एस्सी.ची दोन वर्षे. दोन, तीन आणि दोन, म्हणजे सात वर्षे. सरळ बी.एस्सी.ला गेलेली मुलगी तिथे चार वर्षांत पोचते. मी स्वतः लांबच्या रस्त्याने आले. माझ्या वेळी एएनएम दहावीवर होते आणि दीड वर्षाचे होते. घरात पैसे नव्हते, सल्ला देणारे कोणी नव्हते. मग नोकरी करत, मधे थांबत, पुन्हा शिकत मी एम.एस्सी.पर्यंत आले. त्याचा अभिमान आहे, पण तोच रस्ता तुम्हाला सुचवणार नाही. ज्यांना चार वर्षे परवडतात त्यांनी दोन वर्षे वाचवू नयेत. ज्यांना खरोखर परवडत नाही त्यांनी एएनएम जरूर करावे, पण पुढच्या पायरीचे साल आधीच ठरवून.

कॉलेज निवडताना इमारत पाहू नका. दोन गोष्टी विचारा. एक, या कॉलेजला महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल आणि भारतीय परिचर्या परिषद यांची मान्यता आहे का? कौन्सिलमध्ये नोंदणी झाली नाही तर सरकारी नोकरीचे दार बंद. दोन, प्रात्यक्षिकासाठी कोणते रुग्णालय जोडलेले आहे आणि तिथे महिन्याला किती बाळंतपणे होतात? प्रत्येक विद्यार्थिनीने ठरलेल्या संख्येच्या प्रसूती स्वतःच्या हाताने करून वहीत नोंदवायच्या असतात. जिथे प्रसूतीच कमी, तिथे काय होते ते मी पाहिले आहे. एका प्रसूतीभोवती आठ मुली उभ्या राहतात आणि आठही वह्यांत तीच नोंद होते. परीक्षेला माझ्यासमोर आलेल्या एका मुलीची वही पूर्ण भरलेली होती. मी विचारले, वार पडल्यानंतर ती तपासून काय बघायचे? ती गप्प. वारेचा तुकडा आत राहिला तर बाई रक्तस्रावाने जाऊ शकते, आणि त्या मुलीला ती वार हातात घेऊन बघायची संधीच मिळाली नव्हती. दोष मी तिला देत नाही. तिच्या वडिलांनी फी पूर्ण भरली होती.

फीबद्दलही एक सांगते. जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत दिली. बागवान, तांबोळी, पिंजारी, मोमीन अशा आपल्या अनेक बिरादऱ्या ओबीसी यादीत आहेत. पण दाखला काढलेला नसतो. शिवाय प्रवेश केंद्रीय फेरीतून झालेला असावा लागतो, मॅनेजमेंट कोट्यातला चालत नाही. तुमचा कोर्स यात बसतो का, हे पैसे भरण्याआधी कॉलेजला लेखी विचारा. आणि जातीच्या दाखल्यासाठी निकाल लागेपर्यंत थांबू नका.

आता पगार. आपल्या घरांत मुलीच्या पगाराचा आकडा विचारणे बरे दिसत नाही असे मानतात. मुलाच्या नोकरीचा मात्र पहिला प्रश्न तोच असतो.

सातव्या वेतन आयोगानुसार जिल्हा परिषदेच्या नियमित आरोग्य सेविकेची, म्हणजे एएनएमची, वेतनश्रेणी २५,५०० ते ८१,१०० आहे. राज्याच्या रुग्णालयातल्या अधिपरिचारिकेची ३५,४०० ते १,१२,४०० आहे. भत्ते वेगळे. सुरुवातीच्या मूळ वेतनातच महिन्याला ९,९०० रुपयांचा फरक पडतो. वर्षाला एक लाखाहून जास्त. कोर्सचे एक वर्ष वाचवताना हा आकडा कोणी मांडलेला असतो का?

हे नियमित पदाचे झाले. आज बहुतेक नव्या मुली लागतात त्या कंत्राटी. राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या गेल्या काही वर्षांतल्या जाहिराती पाहिल्या तर एएनएमला साधारण १८,००० आणि स्टाफ नर्सला २०,००० मानधन दिसते. तीच लेबर रूम, तीच रात्रपाळी, तीच जबाबदारी. ११ महिन्यांची ऑर्डर आणि दरवर्षी नूतनीकरणाची धाकधूक. मार्च २०२४ मध्ये दहा वर्षे सेवा झालेल्यांना सामावून घेण्याचा शासन निर्णय निघाला, तोही संपांनंतर. संघटना नसती तर तेवढेही झाले नसते, हे लक्षात ठेवा.

आणि तिसरे, खासगी. इथे माझी गोष्ट सांगते. १९९८ साली मी एका जिल्ह्याच्या गावातल्या खासगी प्रसूतिगृहात लागले. पगार १,२०० रुपये. रात्री मी एकटी असे. कळा मोजणे, बाळाचे ठोके ऐकणे, बाळंतपण करणे, सगळे मी. डॉक्टर सकाळी येत, सही करत. बिलात प्रसूतीचे पैसे त्यांच्या नावावर. पगारवाढ मागितली तर ते म्हणत, "बेटी, इथे शिकायला मिळतंय ना?" लागताना माझी ओरिजिनल प्रमाणपत्रे त्यांनी ठेवून घेतली होती. दोन वर्षांनी सरकारी भरतीची मुलाखत आली. मी कागद मागितले. "पुढच्या महिन्यात बघू." मुलाखतीला मी झेरॉक्स घेऊन गेले आणि परत आले. नियमित नोकरी मला त्यानंतर चार वर्षांनी मिळाली. त्या चार वर्षांची सेवाज्येष्ठता गेली, ती बढतीच्या प्रत्येक यादीत मला आठवत राहिली.

म्हणून मुलींनो, ओरिजिनल कागद कोणालाही ठेवायला देऊ नका. दाखवा, परत घ्या. नेमणूकपत्र लेखी घ्या. बाँड असेल तर घरी आणून दोघांकडून वाचून घ्या. पगार बँकेत घ्या, म्हणजे अनुभवाचा पुरावा राहतो.

खासगी पगाराचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. जानेवारी २०१६ मध्ये न्यायालयाने केंद्राला समिती नेमायला सांगितले. समितीची शिफारस अशी होती: ५० पेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही नर्सला किमान २०,००० मिळावेत, आणि २०० पेक्षा जास्त खाटा असतील तर राज्य सरकारइतकाच पगार. अंमलबजावणी राज्यांवर सोपवली गेली. केरळमध्ये नर्सेस रस्त्यावर उतरल्या, आणि २०१८ मध्ये तिथे २०,००० च्या किमान वेतनाची अधिसूचना निघाली. आपल्याकडच्या छोट्या नर्सिंग होममध्ये काम करणाऱ्या मुलींनी हा आकडा निदान पाठ करून ठेवावा.

आता बढती. रुग्णालयात अधिपरिचारिका, मग परिसेविका, मग सहायक अधिसेविका, मग अधिसेविका अशी शिडी आहे. गावपातळीवर आरोग्य सेविकेची पुढची पायरी आरोग्य सहाय्यिका. पण यात एक मेख आहे. जी लेबर रूममध्ये उत्तम काम करते तिची बदली कधीही दुसऱ्या वॉर्डात होते. बाळंतपणाचे कौशल्य म्हणून वेगळे पद नाही, वेगळी वाढ नाही. वर चढायचे तर बाळंतिणीपासून लांब जायचे.

हे बदलण्याची सुरुवात झाली आहे. डिसेंबर २०१८ मध्ये केंद्र सरकारने मिडवायफरी सेवांची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यानुसार नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवायफरी हा १८ महिन्यांचा अभ्यासक्रम आला. साधे बाळंतपण ही बाई स्वतःच्या जबाबदारीवर करणार, गुंतागुंत दिसली की डॉक्टरांकडे पाठवणार. तेलंगणाने त्याआधीच, २०१७ मध्ये, असे प्रशिक्षण सुरू केले होते. याची गरज आकड्यांतही दिसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या खासगी दवाखान्यांत ४७ टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्या, सरकारीत १४ टक्के. कळांच्या वेळी शेजारी बसून धीर देणारी, वाट बघू शकणारी प्रशिक्षित बाई असेल, तर काही बायकांचे पोट फाडणे टळेल आणि त्या घराचे कर्जही टळेल.

पण या अभ्यासक्रमाला जीएनएम किंवा बी.एस्सी. आणि प्रसूतीचा दोन वर्षांचा अनुभव लागतो. एएनएमला थेट प्रवेश नाही. छोटा कोर्स दार कसे बंद करतो ते इथे दिसते. आणि सरकारकडे आपली मागणीही असली पाहिजे: १८ महिने शिकून आलेल्या बाईला मिडवाइफ म्हणून स्वतंत्र पद द्या, वेतनश्रेणी द्या, तिला लेबर रूममध्येच ठेवा. २०२३ च्या नव्या राष्ट्रीय आयोगाच्या कायद्याच्या नावात नर्सिंगबरोबर मिडवायफरी हा शब्द आला आहे. तो पगाराच्या पावतीवरही यायला हवा.

शेवटी मागच्या रांगांसाठी. रात्रपाळीची काळजी मला समजते. माझ्या अब्बांनाही होती. त्यांनी मला घरी बसवले नाही, पहिला महिनाभर सायकलवरून सोडायला आले. काळजीचे हे दोन प्रकार आहेत, कोणता निवडायचा ते तुमच्या हातात आहे. कपड्यांचा प्रश्न असेल तर प्रवेशाआधी कॉलेजशी मोकळेपणाने बोला. लेबर रूममध्ये कोपरापर्यंत हात धुवावे लागतात, हे मुलीलाही आधी माहीत असू द्या. आणि लग्नासाठी जे पैसे बाजूला ठेवले आहेत, त्यातले निम्मे आज तिच्या शिक्षणावर घाला.

१८६३ मध्ये पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. ज्यांना कोणी दारात उभे करत नव्हते अशा विधवांची बाळंतपणे त्या घरात झाली. तिथे जन्मलेल्या यशवंताला त्यांनी दत्तक घेतले आणि तो पुढे डॉक्टर झाला. त्यांनाही लोक खूप काही म्हणाले होते.

पुढच्या वेळी लेबर रूमच्या दारात कोणी मला विचारले, "आत बाईच आहे ना?", तर मला सांगायचे आहे: हो, बाईच आहे. तुमच्याच गल्लीतली आहे. पूर्ण शिकलेली आहे, आणि तिला पूर्ण पगार मिळतो.

दाखल्यांचे अर्ज घेऊन आमच्या दोन कार्यकर्त्या बाहेरच्या टेबलावर बसल्या आहेत. जाताना भरून जा.