जिभेवरचं गाव

गेल्या ईदला माझी लेक पुण्याहून घरी आली. एका कंपनीत ती अमेरिकेतल्या ग्राहकांचे फोन घेते. शीरखुर्म्याची वाटी पुढ्यात ठेवून मी विचारलं, ‘काम कसं चाललंय?’ ती हसत म्हणाली, ‘अब्बा, परवा एक बाई दहा मिनिटं माझ्याशी बोलल्या. त्यांचं काम मी करून दिलं, आणि मग त्या म्हणाल्या, आता इंग्रजी येणाऱ्या कुणाला तरी फोन दे!’ लेक हसली खरी, पण रात्री आरशापुढे ती ‘वेस्ट’ आणि ‘व्हेस्ट’ घोकत उभी होती, ते मी पाहिलं.

श्रोतेहो, यात तिचं काय चुकलं? इंग्रजीत दोन ‘व’ आहेत. एक ओठांचा चंबू करून म्हणायचा, दुसरा वरचे दात खालच्या ओठाला टेकवून. आपल्या जिभेवरचा ‘व’ या दोन्हींच्या मधला. इंग्रज माणूस शब्दाच्या सुरुवातीचा ‘प’ हवा सोडून म्हणतो. आपण तो कोरडा म्हणतो, म्हणून त्याच्या कानाला आपला ‘पेन’ कधीकधी ‘बेन’ वाटतो. यात अडाणीपणा नाही. आईच्या भाषेचा तो ठसा आहे.

बरं, इंग्रजी ज्यांची मायबोली, ते तरी या कचाट्यातून सुटलेत का? बर्नार्ड शॉचं ‘पिग्मॅलियन’ १९१४ साली लंडनच्या रंगभूमीवर आलं. त्यातली फुलं विकणारी पोर अस्सल लंडनची, तरी तिची बोली हलकी ठरते. पुलंनी १९७५मध्ये तिला ‘ती फुलराणी’ म्हणून मराठीत आणलं, तेव्हा आपल्याला ती परकी वाटली नाही, कारण असले कान आपल्याकडेही आहेत. १९४१ साली बीबीसीने विल्फ्रेड पिकल्स या यॉर्कशायरच्या माणसाला बातम्या वाचायला बसवलं. तोही इंग्रजच. तरी त्याच्या गावाकडच्या उच्चारांबद्दल श्रोत्यांच्या तक्रारी आल्या. बातमी तीच होती, फक्त आवाजाचं गाव बदललं होतं.

शिकागो विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी २०१०मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. ‘जिराफ उंटापेक्षा जास्त दिवस पाण्यावाचून राहू शकतो’ अशा तऱ्हेची वाक्यं त्यांनी वेगवेगळ्या लोकांकडून वाचून घेतली. हे लोक फक्त लिहून दिलेलं वाचताहेत, असं ऐकणाऱ्यांना सांगितलेलं होतं. तरीही परक्या उच्चारांतली वाक्यं त्यांना कमी खरी वाटली. कानाला जे ऐकायला कष्ट पडतात, त्यावर मनही कमी विश्वास ठेवतं. लेकीच्या ग्राहक बाईंचं कदाचित असंच झालं असेल.

हे मला नवीन नाही. आमच्या घरात दखनी बोलतात. शाळेत मी ‘चमचा’ म्हणताना ‘चहा’तला ‘च’ वापरायचो, तेव्हा वर्ग हसायचा. उर्दूच्या मैफलीत मी ‘कलम’ला ‘खलम’ म्हटलं की तिथले जाणकार हसायचे. आता तीस वर्षं मराठीत कविता लिहितोय. तरी कार्यक्रमानंतर कुणीतरी प्रेमाने म्हणतंच, ‘तुमचं मराठी किती शुद्ध आहे हो!’ मी आभार मानतो. पण शेजारी बसलेल्या कुलकर्ण्यांना हे कुणी का म्हणत नाही, असं मनात येतं.

ईदच्या दुसऱ्या दिवशी मी त्या अमेरिकन बाईंवर तावातावाने बोलू लागलो. लेक शांतपणे म्हणाली, ‘अब्बा, तुम्हीही हसला होतात.’ मला आठवलं. माझी अम्मी दवाखान्यात होती. केरळच्या एक सिस्टर इंग्रजीत औषधं समजावून सांगायच्या. घरी येऊन मी त्यांच्या ‘सिंब्ली’ची नक्कल केली होती आणि सगळे पोट धरून हसले होते. त्या बाई रात्र रात्र अम्मीच्या उशाशी जागल्या. मला मात्र त्यांचा उच्चार तेवढा लक्षात राहिला, नाव राहिलं नाही.

आता बोलणाऱ्याचा उच्चार फोनवरच बदलून टाकणारं संगणकी तंत्र आलं आहे. आपल्याकडच्या कॉल सेंटरांत ते वापरलं जात असल्याच्या बातम्या २०२५मध्ये आल्या. त्यामुळे पोरांना शिव्या कमी खाव्या लागतील, हे चांगलंच. पण ऐकणाऱ्याच्या कानाला मग काही शिकावंच लागणार नाही.

लेक परत निघाली तेव्हा मी म्हटलं, ‘बेटा, स्पष्ट बोल, सावकाश बोल. समोरच्याला कळलं पाहिजे, तेवढा सराव जरूर कर. पण कळल्यानंतरही जो नाक मुरडतो, त्याची दुरुस्ती तुझ्या जिभेने करायची नाही.’

आणि माझ्या कानाची दुरुस्ती? ती मलाच करायची आहे. त्या सिस्टरांपासून सुरुवात करायला हवी होती.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)