दुष्काळाची टिंगल



आज आपण स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात जाऊ या. तिथं फुटबॉलचे दोन मोठे संघ आहेत, सेल्टिक आणि रेंजर्स. त्यांचा सामना असला की शहरात पोलीस बंदोबस्त लागतो. खेळ फुटबॉलचा, पण भांडण पंथाचं आणि मूळ गावाचं.

शेजारच्या आयर्लंडमध्ये १८४५ साली बटाट्यावर करपा पडला. गरिबांचं सगळं पोट बटाट्यावर. पुढच्या काही वर्षांत सुमारे १० लाख माणसं भुकेनं नि रोगराईनं गेली. जवळपास तेवढ्याच लोकांनी देश सोडला. त्यातले पुष्कळजण ग्लासगोला आले. ते कॅथलिक, तर तिथले बहुतेक लोक प्रोटेस्टंट. दोघंही ख्रिस्तीच, पंथ तेवढा वेगळा. तरी कमी मजुरीत राबणारे हे लोक इतरांच्या डोळ्यांत खुपू लागले.

त्यांच्या वस्तीतल्या उपाशी मुलांना जेवण मिळावं, म्हणून वॉलफ्रिड नावाच्या आयरिश धर्मबंधूंनी १८८७ साली सेल्टिक संघ उभा केला. रेंजर्स १८७२ चा. तो पुढं प्रोटेस्टंटांचा संघ मानला जाऊ लागला आणि कितीतरी वर्षं त्यात कॅथलिक खेळाडू घ्यायचे नाहीत, असा अलिखित नियमच होता. १९८९ मध्ये मो जॉन्स्टन या नामवंत कॅथलिक खेळाडूला घेतलं, तेव्हा काही पाठीराख्यांनी संघाचे मफलर जाळले.

२००८ च्या सुमारास रेंजर्सचे काही पाठीराखे मैदानात एक गाणं म्हणू लागले. त्या जुन्या दुष्काळावरून आयरिश वंशाच्या लोकांना हिणवणारं, इथून चालते व्हा म्हणणारं. ज्यांना हे ऐकवायचं, त्यांच्या कित्येक पिढ्या ग्लासगोतच जन्मलेल्या! २००९ मध्ये न्यायालयानं हे गाणं वंशद्वेषी ठरवलं. दोष एकाच बाजूचा नाही. सेल्टिकचे काही पाठीराखेही आयर्लंडमधल्या सशस्त्र संघटनेचे गोडवे गातात.

कुणी म्हणेल, गाणंच तर आहे, त्यात काय एवढं? पण १९९५ मध्ये सेल्टिकचा पाठीराखा असलेला १६ वर्षांचा मुलगा सामना पाहून घरी चालला होता. वाटेतच त्याचा खून झाला. पुढं त्याच्या एका शाळकरी मैत्रिणीनं या द्वेषाविरुद्ध मोहीम सुरू केली. ती आजही चालू आहे. आणखी एक गोष्ट आपण बायकांनी ध्यानात घेण्यासारखी आहे. या दोन संघांच्या सामन्याच्या दिवशी त्या भागात घरगुती मारहाणीच्या तक्रारी वाढतात, असं अभ्यासांत दिसून आलं आहे. मैदानावरचा राग शेवटी घरात येतो.

आणि तो निघतोही बऱ्याचदा घरातूनच. कुणाला काय म्हणून हिणवायचं, हे मूल मोठ्यांच्या तोंडून ऐकतं आणि मग मैदानात ओरडतं. चेष्टेत म्हटलेला शब्दही त्याच्या कानात राहतो. म्हणून गटाच्या पुढच्या बैठकीत एवढंच बोला: आपल्या घरात, आपल्या ओट्यावर, मुलांच्या कानावर दुसऱ्यांबद्दल काय पडतं? आणि त्यातला कोणता शब्द आपण आजपासून बंद करू शकतो?