आज्ञांच्या अरण्यातील वाटा

संगणकाला दिलेल्या आज्ञांची सुसंगत मालिका म्हणजे प्रोग्राम. तो रचणारे निघून जातात, टिपणे हरवतात आणि मागे उरतात लक्षावधी आज्ञा. तयार प्रोग्रामवरून त्याची मूळ रचना उलट शोधीत जाणे, यास रिव्हर्स इंजिनिअरिंग म्हणतात. ओळीमागून ओळ वाचून हे कार्य साधत नाही. कारण एका आज्ञेचा परिणाम कित्येकदा हजारो ओळींपलीकडे प्रकट होतो.

कोनिग्सबर्गच्या सात पुलांचे कोडे ऑयलर या गणितज्ञाने १७३५ साली उलगडले. घरे, रस्ते बाजूस सारून त्याने केवळ भूभाग व त्यांना जोडणारे पूल एवढेच ध्यानी घेतले. ग्राफ डेटाबेस हीच दृष्टी स्वीकारतो. प्रोग्रामचा प्रत्येक भाग हा बिंदू; कोण कोणास पाचारण करतो, कोणाची माहिती कोणाकडे जाते, ह्या रेषा. मग ‘येथून तेथवर वाट आहे काय?’ असे त्यास सरळ विचारता येते.

२०१४ साली जर्मनीतील फाबियान यामागुची व त्यांच्या सहकाऱ्यांनी लिनक्सच्या गाभ्याचे मूळ लिखाण अशाच जाळ्यात मांडले. बाहेरून आलेली माहिती तपासणीवाचून नाजूक जागी पोचते काय, यांसारखे प्रश्न त्यांनी विचारले. तोवर अज्ञात असलेले १८ दोष हाती लागले.

नकाशा मात्र चोर आणि पहारेकरी ह्या दोघांनाही तीच वाट दाखवितो. म्हणूनच पहारेकऱ्याने प्रश्न आधी विचारला पाहिजे.