मुलीने ‘स्त्री-अभ्यास’ घ्यावा काय?

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



‘महिलांना उपयोगी पडेल असे काही बोला’, एवढेच आपल्या पत्रात होते. ते पत्र आले त्याच आठवड्यात आपल्यापैकी एका बाईंचा मला फोन आला. त्यांची मुलगी बी. ए. झाली आणि तिने विद्यापीठात स्त्री-अभ्यास हा विषय घेऊन एम. ए. करण्याचे मनात धरले आहे. वडील म्हणतात, त्यापेक्षा बी. एड. कर. आणि आजीबाई म्हणाल्या, “बायकांचा अभ्यास तो काय करायचा? मी पंच्याहत्तर वर्षे बाईच आहे की!” प्रवेशाची मुदत जवळ आलेली, घरात रोज वाद. त्या बाईंना विचारून मी हे सांगत आहे. नाव मात्र सांगणार नाही. हा विषय मी पुष्कळ वर्षे शिकविला, तेव्हा आज त्याविषयीच बोलावे असे ठरविले.

प्रथम एक घोटाळा दूर करू. स्त्रियांनी शिकणे ही एक गोष्ट, आणि स्त्रियांच्या जीवनाविषयी शास्त्रशुद्ध रीतीने शिकणे ही दुसरी. पहिलीसाठी सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांनी १८४८ साली पुण्यात शाळा काढली, आणि अण्णासाहेब कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापिले. सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी दिली आणि त्यांच्या मातुःश्रींचे नाव त्या विद्यापीठाला लागले. दुसरी गोष्ट त्याच विद्यापीठात, परंतु १९७४ साली सुरू झाली, प्रा. नीरा देसाई यांच्या पुढाकाराने तेथे स्त्रियांविषयी संशोधन करणारे केंद्र निघाले. मधली अठ्ठावन्न वर्षे मुली इतिहास, अर्थशास्त्र सारे शिकल्या, पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाल्या. त्या पुस्तकांत आपल्या आयांचा, आज्यांचा मागमूस का नाही, हे विचारण्याची सोय मात्र कोठल्याही विषयात नव्हती.

ती सोय करण्याची निकड कशी पडली? सरकारने १९७१ साली स्त्रियांचा दर्जा तपासण्यासाठी एक समिती नेमली. अध्यक्षा फुलरेणु गुहा, सदस्य-सचिव वीणा मजुमदार. सभासद बहुतेक शिकल्यासवरल्या, चांगल्या पदावरच्या बाया. स्वराज्यात कायदे झाले, शाळा निघाल्या, तेव्हा प्रगतीच दिसेल, अशी बहुतेकांची समजूत. जनगणनेचे आकडे पाहिले तो काय? १९०१ साली दर हजार पुरुषांमागे ९७२ स्त्रिया होत्या, १९७१ साली ९३० उरल्या. कामधंद्यातील स्त्रियांचे प्रमाणही घसरले होते. समितीचा अहवाल १९७४ च्या अखेरीस तयार झाला आणि सुशिक्षितांच्या डोळ्यांत अंजन पडले. पुढे १९८१ साली मुंबईत स्त्री-अभ्यासाची पहिली राष्ट्रीय परिषद भरली, १९८६ च्या शैक्षणिक धोरणाने विषयाला मान्यता दिली, आणि १९८७ साली पुणे विद्यापीठात केंद्र निघाले. त्याला आज सावित्रीबाईंचेच नाव आहे.

आता आजीबाईंकडे वळते. त्यांचा प्रश्न मोठा मार्मिक आहे. बाई असणे म्हणजे बायकांविषयी सारे ठाऊक असणे नव्हे. पोट सर्वांनाच आहे, म्हणून कोणी वैद्य होत नाही. मी वर्गात जे उदाहरण देत असे तेच सांगते. मुंबईच्या कापडगिरण्यांत १९२० च्या सुमारास दर पाच कामगारांत जवळजवळ एक बाई असे. वाइंडिंग आणि रीलिंग खाती तर बायांचीच. मग १९२९ साली मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा झाला. कायदा चांगलाच होता, डॉ. आंबेडकरांनी विधिमंडळात त्याची बाजू जोराने मांडली होती. पण भत्ता मालकाने द्यावयाचा, तेव्हा बाई ठेवणे मालकांना महाग वाटू लागले. त्यातच नवी यंत्रे आली, रात्रपाळ्या आल्या, आणि रात्रपाळीला बायांना मनाई. होता होता गिरणीतली बाई दिसेनाशी झाली. “बायकांना गिरणीचे काम झेपेना,” असे म्हणणारे मी पुष्कळ ऐकले. त्यांनी चाळीस वर्षांचे आकडे एका ओळीत मांडून पाहिले असते, तर असे म्हटले नसते.

बरे, त्या बाया गेल्या कोठे? काही खाणावळी चालवू लागल्या. कोकणातून, घाटावरून आलेले गिरणीकामगार बिऱ्हाड गावी ठेवून येत. त्यांना जेवू कोण घालणार? एका खोलीत, एका चुलीवर दहा-पंधरा माणसांचा स्वयंपाक एकटी बाई दोन्ही वेळा करी. वाण्याची उधारी, सावकाराचे व्याज, आणि पगार झाला म्हणजे मग तिचे पैसे. गिरण्या चालत त्या या बायांनी थापलेल्या भाकऱ्यांवर, हे मी अतिशयोक्ती न करता सांगते. आणि शिरगणतीचा माणूस दारात येऊन “बाई काय करतात?” विचारी, तेव्हा घरातला पुरुष सांगे, “काही नाही, घरीच असतात.” कागदावर ‘काही नाही’ लिहिले की बँक कर्ज देत नाही. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी या बायांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढले आणि त्यांच्या स्वतःच्या नावावर बँकेचे कर्ज मिळवून दिले. मंडळच होते तेही, तुमच्याआमच्यासारखे! तो प्रश्न कसा विचारावा, कोणाला विचारावा, उत्तर कसे लिहून घ्यावे, हे शिकणे म्हणजे स्त्री-अभ्यास. २०१९ सालच्या सरकारी पाहणीत हा प्रश्न नीट विचारला गेला. घरकाम करणाऱ्या स्त्रीची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जातात, असे निघाले. पुरुषाची ९७, आणि तीही मुळात घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषाची. असे पुरुष शंभरात सव्वीस! (हशा)

या विषयाने जुनी कपाटेही उघडली. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिली. पुढे ती अशी विस्मरणात गेली की १९७५ साली स. गं. मालशे यांनी पुन्हा छापली तेव्हा वाचकांना ती नवीच वाटली. फुल्यांच्या शाळेतील मुक्ता साळवे हिने १८५५ साली मांगमहारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. मीनाक्षी मून आणि ऊर्मिला पवार यांनी गावोगाव फिरून आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांच्या आठवणी मिळविल्या आणि १९८९ साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक सिद्ध केले. सुरुवातीच्या अभ्यासात ‘स्त्री’ म्हणजे बहुधा आमच्यासारख्या पांढरपेशा घरातली बाई असे. हे उणे पुण्याच्या प्रा. शर्मिला रेगे यांनी स्पष्ट दाखविले. ते ऐकताना आमच्यापैकी काहींना झोंबले. पण त्यानंतरच हा विषय खरा विद्यापीठीय झाला, असे माझे मत आहे.

‘याने घरे मोडतात,’ असा एक आक्षेप असतो. माझ्या विद्यार्थिनींपैकी बहुतेकींचे संसार आहेत. काही विद्यार्थीही होते, त्यांतील एकाची आई मला म्हणाली, “हा आता स्वतःचे ताट उचलतो.” याहून अधिक उत्तर मी देत बसत नाही.

पण वडिलांची काळजी मी हसण्यावारी नेणार नाही. पदवी हातात पडताच नोकरी, असा हा विषय नाही. प्राध्यापकीसाठी नेट परीक्षा या विषयात देता येते, पण जागा थोड्या. संस्थांतून, संशोधनाच्या प्रकल्पांतून काम मिळते; ते अनेकदा मुदतीचे असते. पंचवार्षिक योजना २०१७ साली संपल्या तेव्हा त्यांतल्या पैशांवर चालणाऱ्या अनेक केंद्रांवर टांगती तलवार आली होती, हेही लपवीत नाही. म्हणून मुलीला माझे सांगणे असे : विषय जरूर घे, त्याबरोबर आकडेशास्त्र शीक, एखादी बोली कानाने ओळखायला शीक, आणि प्रवेशाआधी त्या विभागात जाऊन शेवटच्या वर्षाच्या मुलींना भेट. बी. एड. दोन वर्षांनीही करता येईल.

जाता जाता मंडळाला एक विनंती. इमारत पुनर्विकासाला जाणार, तेव्हा माळ्यावरच्या जुन्या वह्या रद्दीत द्याव्यात असा विचार चालला आहे, असे मघाशी चहा घेताना कळले. कृपा करून देऊ नका. सभांची इतिवृत्ते, भिशीचा हिशेब, शिवणवर्गाची हजेरी, पापडांच्या ऑर्डरी, कोणी किती वर्गणी थकविली तेसुद्धा, सारे सुती फडक्यात बांधून वर सालाची चिठ्ठी लावा. फोटोंच्या मागे शिसपेन्सिलीने नावे लिहून ठेवा, आणि वडील मंडळी ओळखू शकताहेत तोवर लिहा. ती मुलगी एम. ए. ला गेली, तर तिला प्रबंधासाठी विषय हवाच आहे. आजीबाई मंडळाच्या जुन्या सभासद. पहिली मुलाखत त्यांचीच घ्यावी.