लुई आर्मस्ट्राँग : रंजनाची थोरवी



अमेरिकेतल्या गाजलेल्या रंजनकारांपैकी कुणाच्या तरी आयुष्यावर बोला, असं मला सुचवण्यात आलं, तेव्हा मी लुई आर्मस्ट्राँगचं नाव दिलं. त्याचं एक गाणं तुमच्यापैकी बहुतेकांच्या कानांवरून गेलेलं असणार. ‘व्हॉट अ वंडरफुल वर्ल्ड’. घोगरा, खरखरीत आवाज, आणि त्या खरखरीतूनही ओसंडणारी माया. हे गाणं त्याने १९६७ साली गायलं. ब्रिटनमध्ये ते पहिल्या क्रमांकावर गेलं, पण खुद्द अमेरिकेत खपलंच नाही. पुढे १९८७ साली ‘गुड मॉर्निंग, व्हिएतनाम’ या चित्रपटात ते घेतलं गेलं आणि मग घरोघरी पोचलं. लुईला जाऊन तेव्हा सोळा वर्षं झाली होती. म्हणजे आज जगाला जो लुई आठवतो, तो सहासष्ट वर्षांचा, आजारपणांतून उठलेला, रुमालाने कपाळ टिपत हसणारा म्हातारा. त्या म्हाताऱ्यावर माझाही जीव आहे. पण विसाव्या शतकातल्या संगीताचा नकाशा ज्याने बदलला तो पंचविशीतला पोरगा या हसऱ्या तसबिरीआड झाकला गेला आहे. मला आज त्या पोराबद्दल बोलायचं आहे. आणि ते हसूही कमी प्रतीचं नव्हतं, हे सांगायचं आहे.

लुईचा जन्म ४ ऑगस्ट १९०१ चा, न्यू ऑर्लिन्सचा. तो स्वतः आयुष्यभर ४ जुलै १९०० सांगत आला. चर्चच्या दप्तरातली बाप्तिस्म्याची नोंद त्याच्या मृत्यूनंतर सापडली, तेव्हा खरी तारीख कळली. बाप घर सोडून गेलेला, आई मेअॅन मिळेल ते काम करून पोरं वाढवणारी. वस्ती अशी की तिला लोक ‘बॅटलफील्ड’ म्हणजे रणांगणच म्हणत. कार्नोफ्स्की नावाचं लिथुएनियातून आलेलं ज्यू कुटुंब भंगार आणि कोळशाचा धंदा करायचं. छोटा लुई त्यांच्या गाडीवर बसून पत्र्याचा भोंगा फुंकत गिऱ्हाइकांना हाक द्यायचा. गहाणवटीच्या दुकानात पाच डॉलरचा एक जुना कॉर्नेट त्याला दिसला आणि त्या कुटुंबाने त्याला पैसे उचल दिले. या घराने आपल्याला जेवू घातलं, माणसासारखं वागवलं, हे त्याने १९६९ साली रुग्णालयात पडल्या पडल्या पानंच्या पानं लिहून ठेवलं आहे. गळ्यात तो ज्यू धर्माचं चिन्ह असलेला ताईत घालायचा.

१९१२ च्या ३१ डिसेंबरला रात्री नव्या वर्षाच्या धांदलीत त्याने पिस्तुलाचा बार हवेत काढला. पकडला गेला, आणि काळ्या मुलांच्या सुधारगृहात रवानगी झाली. तिथला बँडमास्तर पीटर डेव्हिस याने त्याला शिस्तीत वाजवायला शिकवलं. ‘सुधारगृहामुळे त्याचं भलं झालं’ असं सहज म्हटलं जातं, ते मला पटत नाही. अकरा वर्षांच्या पोराला हवेत गोळी झाडल्याबद्दल घरापासून तोडणं हा अन्यायच होता. भलं झालं ते एका मास्तरामुळे.

पुढची वर्षं मी भराभर सांगतो. कॉर्नेटवादक किंग ऑलिव्हर हा त्याचा गुरू. मिसिसिपीवरच्या बोटींवर फेट मारेबलच्या बँडमध्ये तो नोटेशन पक्कं शिकला. ऑगस्ट १९२२ मध्ये ऑलिव्हरने शिकागोला बोलावून घेतलं. तिथे पियानोवर लिल हार्डिन होती. १९२४ साली दोघांनी लग्न केलं. गुरूच्या शेजारी दुसरा कॉर्नेट वाजवत राहिलास तर कायम दुसराच राहशील, ही जाणीव त्याला लिलने करून दिली. लुईच्या गौरवाच्या भाषणांत लिल एका वाक्यात उरकली जाते, हे मला खटकतं. ती उत्तम पियानोवादक होती, संगीतरचनाकार होती, आणि १९२५ पासून लुईने स्वतःच्या नावावर जी ध्वनिमुद्रणं केली त्या ‘हॉट फाइव्ह’ बँडचा ती कणा होती.

आता जरा थांबून एक तबकडी नीट ऐकू या. २८ जून १९२८, शिकागो. ‘वेस्ट एंड ब्लूज’. चाल ऑलिव्हरची. ट्रम्पेट एकटाच सुरू होतो. मागे पियानो नाही, ढोल नाही, ठेका नाही. आधी चार सूर, एकेक ठामपणे रोवलेला. मग तो एकदम वरच्या टोकाला जातो आणि तिथून वळणं घेत, मधेच श्वासाला जागा देत, खाली उतरतो. सगळा ऐवज बारा-तेरा सेकंदांचा. ठेका नाही म्हणालो, पण लय आहे. ती त्याच्या फुंकीत आहे. ज्यांनी आपल्याकडे चांगला गवई नुसत्या आलापातून लय सूचित करताना ऐकला आहे, त्यांना मी काय म्हणतो ते लगेच कळेल. नंतर बँड येतो, लुई शब्दांवाचून नुसत्या ध्वनींनी क्लॅरिनेटशी सवालजवाब करतो, अर्ल हाइन्स पियानोवर आपली करामत दाखवतो. आणि शेवटच्या आवर्तनात लुई वरचा एक सूर पकडतो आणि जवळजवळ चार मात्राखंड तो सोडतच नाही. खालून बँड पुढे सरकतोय आणि वर हा सूर जागचा हलत नाही. ऐकणाऱ्याचा श्वास अडकतो, वाजवणाऱ्याचा नाही.

यात नवं काय होतं? न्यू ऑर्लिन्सच्या जुन्या बँडमध्ये कॉर्नेट, क्लॅरिनेट, ट्रॉम्बोन सगळे एकत्र वाजवायचे. आवाजांची ती सुंदर वीण होती, पण एकाने पुढे येऊन सलग काही मांडावं, सुरुवात, चढ आणि शेवट असलेलं स्वतःचं निवेदन करावं, ही रीत रुजवली लुईने. दुसरी गोष्ट, ठेक्याच्या किंचित मागे रेलून वाजवणं, म्हणजे ‘स्विंग’. तेच त्याने गाण्यात आणलं. बिंग क्रॉसबी आणि बिली हॉलिडे, दोघांनीही त्याचं ऋण मोकळेपणी मान्य केलं. माइकसमोर बोलल्यासारखं गाणारा कुठलाही गायक आज घ्या, त्याच्या गाण्याचं मूळ शोधत गेलात तर वाटेत लुई भेटतोच.

मग एवढ्या मोठ्या कलावंतावर त्याच्याच लोकांचा राग का होता? कारण तो हसायचा. डोळे फिरवायचा, विनोद करायचा, गोऱ्या प्रेक्षकांना खूश करायचा. डिझी गिलेस्पी आणि माइल्स डेव्हिस या पुढच्या पिढीतल्या ट्रम्पेटवादकांना ते लाजिरवाणं वाटे. त्यांचा राग मी चुकीचा म्हणणार नाही. काळ्या माणसाच्या हसण्याचा बाजार मांडला गेलेला त्यांनी पाहिला होता. पण लुईच्या लेखी समोर बसलेल्या माणसाला आनंद देणं ही लाचारी नव्हती, कामच होतं. ओठ फाटेपर्यंत त्याने ते केलं. हे शब्दशः खरं आहे. त्याच्या ओठांवर घट्टे पडले होते, त्यांना तो मलम लावत असे. पुढे डिझीने आत्मचरित्रात मोठ्या मनाने लिहिलं, की ते हसू म्हणजे वर्णद्वेषाला आपला आनंद हिरावू न देण्याची लुईची रीत होती, हे आपल्याला उशिरा समजलं.

आणि हा हसणारा माणूस गप्प बसणारा होता का? सप्टेंबर १९५७. आर्कान्सा राज्यात लिटल रॉक इथे नऊ काळ्या मुलांना शाळेत पाऊल टाकू दिलं जात नव्हतं. राज्यपालाने बंदुकधारी पहारा उभा केला होता. लुईचा कार्यक्रम होता उत्तरेला, ग्रँड फोर्क्स या गावी. एक कॉलेजात शिकणारा वार्ताहर हॉटेलात जेवणाच्या ताटाबरोबर त्याच्या खोलीत शिरला. राजकारणाचं विचारू नको, अशी त्याला ताकीद होती. त्याने विचारलंच. लुईने राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांच्यात धमक नाही असं सुनावलं, आणि सरकारने आखलेला सोव्हिएत रशियाचा दौरा आपण करणार नाही, असं जाहीर केलं. लुई असं बोलला यावर वृत्तसंस्थेचा विश्वास बसेना. दुसऱ्या दिवशी तो पोरगा मजकूर घेऊन पुन्हा आला. लुईने तो वाचला, एक अक्षरही गाळू नको म्हणाला, आणि खाली ‘सॉलिड’ एवढा शब्द लिहून सही ठोकली. त्याच्या मॅनेजरने सारवासारव केली, तीही त्याने झिडकारली. आठवड्याभरात आयसेनहॉवरनी लिटल रॉकला सैन्य पाठवलं. लुईच्या बोलण्याने पाठवलं, असा दावा मी करणार नाही. पण गमवायला सर्वांत जास्त असलेला काळा कलावंत तेव्हा बोलला, ही नोंद पक्की आहे. स्वतःच्या जन्मगावीही तो कित्येक वर्षं वाजवायला गेला नाही. त्या गावाच्या लुइझियाना राज्याने १९५६ साली काळ्या-गोऱ्यांनी एकत्र कार्यक्रम करण्यावर बंदी घातली होती, आणि त्याच्या बँडमध्ये दोन्ही वर्णांचे वादक होते. तो परतला १९६५ मध्ये, तो कायदा गेल्यावर.

आता त्याच्या घराबद्दल. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात कोरोना नावाच्या कामकरी वस्तीत त्याची नंतरची पत्नी ल्युसील हिने १९४३ साली एक साधं घर घेतलं. लुई तेव्हा दौऱ्यावर होता. पुढे १९६४ साली ‘हॅलो, डॉली’ने बीटल्सना पहिल्या क्रमांकावरून खाली खेचलं, तेव्हाही तो तिथेच राहत होता, पायऱ्यांवर बसून गल्लीतल्या पोरांशी गप्पा मारत होता. ६ जुलै १९७१ ला तो गेला तोही याच घरात. वरच्या मजल्यावरच्या खोलीत त्याची टेपरेकॉर्डरची जोडी होती. सुमारे साडेसहाशे टेप त्याने भरून ठेवल्या. आवडती गाणी, मित्रांच्या मैफली, चावट विनोद, नवरा-बायकोची भांडणंसुद्धा. अनेक टेपच्या खोक्यांवर कात्रीने कापलेले फोटो, तारा, वर्तमानपत्राचे तुकडे चिकटपट्टीने जोडून केलेलं चित्र. दौऱ्यावर टंकलेखन यंत्र बरोबर असे. फारसं शाळेत न गेलेल्या या माणसाने हजारो पानं लिहिली. मला वाटतं, आपली गोष्ट दुसरेच लिहिणार हे त्याने ओळखलं होतं, म्हणून त्याने आपली बाजू स्वतःच्या आवाजात ठेवून दिली. ल्युसीलने घर जपलं आणि शहराच्या हवाली केलं. २००३ पासून ते संग्रहालय म्हणून खुलं आहे, आणि २०२३ मध्ये समोरच त्याच्या कागदपत्रांसाठी स्वतंत्र इमारत उभी राहिली.

आपला आणि त्याचा संबंध मी ओढूनताणून आणत नाही, तो आहेच. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर पृथ्वीवरच्या संगीताची सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी अवकाशात गेली. तिच्यात सत्तावीस संगीतखंड आहेत. त्यात लुईचं ‘मेलन्कली ब्लूज’ आहे, आणि गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. दोन्ही तीन-साडेतीन मिनिटांची. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूवर मावेल एवढ्यात आपलं सगळं सांगण्याची सक्ती त्या दोघांवर होती, आणि दोघांनीही त्या सक्तीचं सोनं केलं.

दुसरा धागा गोव्यातल्याच हळदोण्याचा. तिथला आंतोनियो शावियेर वाझ, ‘चिक चॉकलेट’ या नावाने मुंबई गाजवणारा ट्रम्पेटवादक. लोक त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. शिकागोत लुईबरोबर वाजवलेला टेडी वेदरफर्ड हा पियानोवादक तीसच्या दशकात मुंबईच्या ताजमध्ये आला होता, त्यामुळे हे संगीत इथे प्रत्यक्ष ऐकायला मिळत होतं. चर्चच्या शाळेत नोटेशन शिकलेल्या गोवेकरांनी ते उचललं. पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी १९५१ च्या भगवानदादांच्या ‘अलबेला’त चिकचा बँड घेतला, तो पडद्यावरही दिसतो. त्या गाण्यांवर आपल्या घरांतली लग्नं नाचली. न्यू ऑर्लिन्सच्या गल्लीतली लय अशी आपल्या अंगणात आली, आणि ती आणणाऱ्या वादकांची नावं बहुतेक वेळा श्रेयनामावलीत आलीही नाहीत. नरेश फर्नांडिस यांनी ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ या पुस्तकात हा इतिहास मेहनतीने गोळा केला आहे. तो जरूर वाचा.

आणि एक विनंती. तुमच्यापैकी कुणाच्या घरात, माळ्यावर, आजोबांच्या ट्रंकेत जुन्या बँडच्या तबकड्या, कार्यक्रमांची पत्रकं, फोटो असतील. घर आवरताना ते रद्दीत घालू नका. फोटोच्या मागे पेन्सिलीने नावं लिहा. कोण कोणतं वाद्य घेऊन उभा आहे, ते घरातल्या वडीलधाऱ्यांना याच सुट्टीत विचारून घ्या.