कंत्राटदाराच्या बिलाविषयी

(वार्षिक संमेलनातील भाषण)



घर उभे राहते आणि शेवटचे बिल हाती पडताच कंत्राटदाराशी वितुष्ट येते, हा अनुभव आपणांपैकी अनेकांस आहे. कंत्राटदार ज्ञातीतलाच असला, म्हणजे भिडेपोटी बोलवतही नाही. परंतु भीड ही भिकेची बहीण होय.

प्रथम मोजमाप दोघांनी मिळून करावे. ३० फूट लांब व १० फूट उंच भिंतीचा एका बाजूचा गिलावा ३ ब्रास भरतो. बिलात ४ दिसल्यास जागेवर फीत धरावी. मात्र अर्ध्या चौरस मीटरपर्यंतचा झरोका वजा करू नये, असा भारतीय मानक १२०० चा नियम आहे. त्यास लबाडी म्हणू नये.

नंतर बिलाचे दोन भाग करावे. मान्य रक्कम पावती घेऊन तत्काळ द्यावी, कारण तीत मजुरांचे पोट आहे. अमान्य बाबी कारणांसह लेखी कळवाव्या. सारेच बिल अडवून स्वस्थ बसल्याने तंटा मिटत नाही. केलेल्या कामाच्या पैशासाठी दावा लावण्यास १९६३ च्या मुदत कायद्यान्वये सामान्यतः ३ वर्षे मिळतात.

हिशेब चोख राहिला, तरच स्नेह टिकतो.